सुंभ जळाला, पण पीळ सुटला का? डीएनए तापवण्याचं हार्वर्डमधलं प्रकरण, १९५७ ते १९६१

१९५७ मध्ये हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागातून स्टुअर्ट राइस आणि पॉल डोटी यांचा एक शोधनिबंध निघाला. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला डीएनए मिठाच्या पाण्यात विरघळवून त्यांनी तो हळूहळू तापवला होता. ठरावीक तापमानाला रेणूची सुबक रचना कोसळते, हे त्यांना स्वच्छ दिसलं. पण रेणुभार मोजला तर तो होता तेवढाच. म्हणजे रचना गेली, तरी दोन धागे एकमेकांना धरूनच राहिले, असा अर्थ निघत होता. तीन वर्षांनी, एप्रिल १९६० मध्ये, डोटींच्याच प्रयोगशाळेतून दोन निबंध एका अंकात लागोपाठ छापले गेले आणि त्यांनी उलट सांगितलं: धागे अलग होतात. शिवाय सावकाश गार केले तर जोडीदार शोधून पुन्हा जुळतातही.

प्रकरण एवढंच आहे. प्रयोगशाळा तीच, प्रमुख तोच आणि रेणूही तोच. मग निष्कर्ष का फिरला? ‘पहिल्यांदा चुकलं, मग सुधारलं’ असं उत्तर देऊन मोकळं होता येईल, पण त्यात यातलं भौतिकशास्त्र हरवतं. माझं मत असं की १९५७ मधली बहुतेक मोजमापं बरोबर होती. घोळ झाला तो एका गृहीतकात. डीएनए ‘वितळणं’ आणि त्याचे धागे ‘सुटणं’ या दोन निराळ्या घटना आहेत, आणि एक मोजणारं उपकरण दुसरीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

काय मोजलं जात होतं

डीएनएमधले बेस, म्हणजे ए, टी, जी, सी ही त्याची चार रासायनिक ‘अक्षरं’, २६० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण शोषतात. दुपेडी गोफात हे चपटे बेस एकावर एक रचलेले असतात, आणि त्या रचनेमुळे त्यांचं शोषण दबलेलं राहतं. रचना मोडली की तोच डीएनए, तेवढाच डीएनए, सुमारे चाळीस टक्के जास्त प्रकाश शोषू लागतो. म्हणून काम सोपं: स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये कुपी ठेवायची, तापमान वाढवत न्यायचं आणि शोषणाचा आलेख काढायचा. बराच वेळ रेघ आडवी चालते, मग काही अंशांतच झपकन वर चढते आणि पुन्हा आडवी होते. चढणीच्या मधल्या बिंदूला वितळण-तापमान म्हणतात, प्रयोगशाळेच्या बोलीत नुसतं ‘टीएम’. याच चढणीवर द्रावणाची श्यानताही (घट्टपणा) धाडकन उतरते. ताठ काठीसारखा रेणू लोळागोळा झाल्याची ती खूण.

रेणुभार मोजायला तेव्हा मुख्य आधार होता तो द्रावणातून विखुरलेल्या प्रकाशाचा. मोठ्या रेणूंसाठी ही पद्धत उत्तम होती आणि डोटी तिच्यातले जाणकार होते. तरी तिच्यात एक गोम आहे. ती जी सरासरी देते, तिच्यात जड कणांचं वजन फार मोठं पडतं. शंभर सुटे धागे आणि त्यांच्यात चिकटून झालेले मोजके जाडजूड पुंजके असतील, तर सरासरी पुंजक्यांकडे झुकते.

पिळाचा प्रश्न

या मोजमापाकडे इतक्या जणांचं लक्ष का लागलं होतं, ते समजायला १९५३ कडे जावं लागतं. वॉटसन आणि क्रिक यांच्या प्रतिमानात दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले होते. पेशी विभागताना ते सुटे होतात आणि प्रत्येकावर नवा जोडीदार बांधला जातो, ही कल्पना देखणी होती. पण भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेल्या माक्स डेलब्रुक यांना ती लगेच खटकली. एका धाग्यातला ए समोरच्या टीशी आणि जी समोरच्या सीशी जुळतो, आणि अशा दर दहा-साडेदहा जोड्यांमागे एक वेढा असतो. एक कोटी डाल्टन (रेणुभाराचं एकक) भाराच्या तुकड्यात सुमारे पंधरा हजार बेस-जोड्या येतात, म्हणजे जवळजवळ दीड हजार वेढे. ते उलगडणार कसे, आणि किती वेळात?

आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. डीएनएच्या बाबतीत ही म्हण जवळजवळ अक्षरशः लागू पडते. जोड्यांना धरून ठेवणारे सगळे बंध तोडले, तरी धागे एकमेकांभोवती गुंडाळलेले उरतातच. बंध तुटणं हा ऊर्जेचा हिशेब आहे, तर पीळ सुटणं हा भूमितीचा आणि वेळेचा. १९५७ च्या निष्कर्षाने डेलब्रुक यांच्यासारख्यांच्या शंकेला आयतं बळ मिळालं: उकळत्या तापमानालाही धागे सुटत नसतील, तर पेशीत ते कसे सुटणार?

पुढच्याच वर्षी मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांचा प्रसिद्ध प्रयोग आला. जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू हलक्या नायट्रोजनवर आणायचे आणि त्यांचा डीएनए सेंट्रिफ्यूजमध्ये घनतेनुसार वेगळा करायचा, हा त्यातला भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच निबंधाच्या शेवटाकडे एक छोटा प्रयोग आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. जिवाणूंतून मिळालेला अर्धा जड, अर्धा हलका डीएनए त्यांनी १०० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवला आणि पुन्हा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. मधल्या एका पट्ट्याच्या जागी दोन पट्टे उमटले, एक जड आणि एक हलका, आणि रेणुभार निम्म्याच्या आसपास आला. धागे सुटले असं म्हणायला एवढं पुरे वाटतं. पण त्यांनी निबंधात ‘धागे’ म्हटलंच नाही. ‘उपघटक’ असा सावध शब्द वापरला. ते उपघटक म्हणजे वॉटसन-क्रिक यांचे दोन धागेच, हे त्यांना अजून सिद्ध करता येत नव्हतं, आणि डोटींच्या प्रयोगशाळेचा उलटा निष्कर्ष समोर होता.

१९६०: गार करण्याची रीत

दरम्यान डोटींकडे ज्युलियस मार्मर आले होते. हा माणूस जिवाणूंचा. रॉकफेलर संस्थेत रॉलिन हॉचकिस यांच्याकडे त्यांनी न्यूमोकोकस या जिवाणूच्या ‘रूपांतरणा’वर काम केलं होतं. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या न्यूमोकोकसचा डीएनए काढून साध्या न्यूमोकोकसला दिला, तर त्यातल्या काहींमध्ये तो गुण उतरतो. म्हणजे डीएनए शाबूत आहे की नाही, हे सांगणारं एक जिवंत उपकरणच मार्मर यांच्या हाती होतं. प्रकाशाची मोजमापं सरासरी सांगतात. जिवाणू मात्र विशिष्ट तुकडा चालतो की नाही, तेवढंच सांगतो.

मार्मर आणि डोरोथी लेन यांनी हा डीएनए १०० अंशांपर्यंत तापवला. मग त्याचे काही नमुने एकदम बर्फात घातले आणि काही सावकाश गार होऊ दिले. झटकन गार केलेल्यात रूपांतरणाची क्षमता जवळजवळ संपलेली होती. सावकाश गार केलेल्यात मात्र तिचा मोठा भाग परत आला. दोन्ही नमुन्यांना उष्णता सारखीच मिळाली होती. फरक होता तो उतरणीच्या वाटेवर.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार डाव वाटतो. स्ट्रेप्टोमायसिनरोधी डीएनए थोडा घेतला आणि त्यात साध्या, गुण नसलेल्या न्यूमोकोकसचा डीएनए भरपूर मिसळून एकत्र तापवून गार केला. साध्या डीएनएमध्ये तो गुण नाहीच, म्हणजे त्याने काही मदत होऊ नये. प्रत्यक्षात परत आलेली क्षमता वाढली. नात्याने दूरच्या जिवाणूचा डीएनए घातला, तर तसं होत नव्हतं. याचा सरळ अर्थ असा की गुण वाहणाऱ्या एकट्या धाग्याला साध्या डीएनएतला जोडीदार मिळाला, आणि जोडीदार बदलायचा तर आधीचा सुटलेला असावा लागतो.

सोबतच्या निबंधात डोटी, मार्मर, जोसेफ आयग्नर आणि कार्ल शिल्डक्राउट यांनी भौतिक बाजू मांडली. जिवाणूंचा डीएनए तापवून झटकन गार केला की रेणुभार निम्म्यावर येतो. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात त्याची घनता मूळ डीएनएपेक्षा घन सेंटिमीटरमागे सुमारे ०.०१५ ग्रॅमने वाढलेली दिसते. सावकाश गार केला की ती मूळ जागेच्या जवळ सरकते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही एकीकडे गुंतलेल्या गाठोळ्या, तर दुसरीकडे पुन्हा लांब सरळ धागे.

इथे एक सावधगिरी हवी. रेणुभार निम्मा झाला, हा एकटा पुरावा मला फारसा भक्कम वाटत नाही. उकळत्या पाण्यात डीएनएचा कणाही अधूनमधून तुटतो, आणि तशा तुटण्यानेही भार घटतो. १९५७ मध्ये भार न घटणं फसवं ठरलं, तसंच भार घटणंही फसवं ठरू शकलं असतं. वाद मिटला तो पुन्हा जुळण्यामुळे. १९६१ मध्ये शिल्डक्राउट, मार्मर आणि डोटी यांनी जड समस्थानिकांवर वाढवलेल्या जिवाणूंचा डीएनए हलक्या डीएनएबरोबर तापवून सावकाश गार केला, तेव्हा दोन्हींच्या मधोमध घनता असलेला संकरित डीएनए मिळाला. एक धागा इकडचा आणि एक तिकडचा. तुकडे पडून असं काही घडत नाही.

आता हिशेब

आजची आकडेवारी घेऊन त्या चढणीचा हिशेब कागदावर मांडता येतो, आणि तो मांडण्यासारखा आहे.

जॉन सांतालुसिया यांनी १९९८ मध्ये अनेक प्रयोगशाळांचे आकडे जुळवून एक तक्ता दिला. एका बेस-जोडीवर दुसरी बसली की किती उष्णता बाहेर पडते आणि किती एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) घटते, हे त्यात शेजाऱ्याप्रमाणे दिलेलं आहे. शेजारच्या चारही अक्षरांच्या सगळ्या सोळा जुळण्या सारख्याच प्रमाणात धरून मी सरासरी काढली: जोडीमागे ८.२८ किलोकॅलरी प्रति मोल उष्णता, आणि २२.१३ कॅलरी प्रति मोल प्रति केल्विन एन्ट्रॉपी. शरीराच्या तापमानाला दुसऱ्या आकड्याची किंमत ६.८६ किलोकॅलरी होते. वजाबाकी उरते १.४२. दोन मोठ्या संख्या एकमेकींना जवळजवळ खोडतात आणि डीएनएचं सगळं स्थैर्य त्या उरलेल्या चिमूटभर फरकावर उभं असतं. तापमान वाढेल तशी एन्ट्रॉपीची बाजू जड होत जाते. दोन्ही बाजू समान होण्याचं तापमान हवं असेल तर ८२८० ला २२.१३ ने भागायचं: ३७४ केल्विन, म्हणजे १०१ अंश सेल्सिअस.

हा तक्ता एक मोलर मिठासाठी आहे. मार्मर आणि डोटी ज्या द्रावणात काम करत, त्यात सोडियमचं प्रमाण ०.१९५ मोलर होतं. मीठ दहापट बदललं की टीएम सुमारे १६.६ अंशांनी सरकतो, या जुन्या अनुभवसिद्ध नियमाने जवळजवळ १२ अंश वजा होतात आणि उत्तर येतं ८९ अंश. आता मार्मर-डोटी यांचं १९६२ चं प्रसिद्ध सूत्र पाहा:

टीएम = ६९.३ + ०.४१ × (जी-सी जोड्यांचे टक्के)

पन्नास टक्के जी-सी असलेल्या डीएनएसाठी ते ८९.८ देतं. छत्तीस वर्षांच्या अंतराने, अगदी निराळ्या रेणूंवरून, बहुतांशी छोट्या कृत्रिम तुकड्यांवरून काढलेले आकडे एका अंशाच्या आत येऊन भिडतात. असा मेळ बसला की बरं वाटतं.

त्या सूत्रातला ०.४१ मात्र शाळेत चुकीचा शिकवला जातो. जी-सी जोडीत तीन हायड्रोजन बंध, ए-टी जोडीत दोन, म्हणून जी-सी मजबूत, इतकं सोपं स्पष्टीकरण आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण सुटलेला बेस काही पोकळीत लटकत नाही. त्याला पाण्याशी हायड्रोजन बंध करता येतातच, म्हणजे जोडी मोडल्याने बंधांचा निव्वळ तोटा फार थोडा होतो. २००६ मध्ये मॅक्सिम फ्रँक-कामेनेत्स्की यांच्या गटाने बेसच्या रचणीचा आणि जोडणीचा वाटा वेगवेगळा मोजला. ए-टी जोडणी स्थैर्याला उलट थोडा तोटाच करते, जी-सी जोडणीचा हातभार जवळजवळ शून्य, आणि गोफ टिकतो तो मुख्यतः चपट्या बेसच्या एकावर एक रचणीमुळे, असं त्यांना आढळलं. हायड्रोजन बंधांचं काम जोडीदार ओळखण्याचं. टिकवण्याचं काम रचणीकडे. शोषणाचा आलेखही मुळात रचणीच मोजतो, हे इथे लक्षात ठेवावं.

मिठाचं काम समजायला सोपं आहे. प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण भार असतो, आणि दुपेडी गोफाच्या लांबीवर दर ०.१७ नॅनोमीटरला असा एक भार येतो. इतकी दाट गर्दी एकमेकांना ढकलणारच. सोडियमचे आयन भोवती जमून हे ढकलणं कमी करतात. धागे सुटल्यावर भार विरळ होतात, काही आयन मोकळे होतात, आणि मीठ जितकं कमी तितकं हे सुटणं फायद्याचं. मीठच नसलेल्या पाण्यात डीएनए साध्या खोलीच्या तापमानालाही उसवतो.

चढण संपते तिथे काय होतं

आता मूळ प्रश्न. टीएम या बिंदूला निम्म्या जोड्या मोडलेल्या असतात. निम्मे रेणू सुटलेले असतात, असा त्याचा अर्थ बहुतेक वाचक करतात, आणि वीस-पंचवीस जोड्यांच्या छोट्या तुकड्याबाबत तो जवळपास खराही आहे. तिथे एक तर सगळं जुळलेलं असतं, नाही तर सगळं सुटलेलं. हजारो जोड्यांच्या रेणूत मात्र तसं नसतं. तिथे प्रत्येक रेणू मधून मधून वितळतो, आणि टीएमला जवळजवळ एकही रेणू सुटलेला नसतो.

कारण मध्येच एक बुडबुडा, म्हणजे जोड्या मोडलेला पट्टा, उघडणं महाग आहे. त्याच्या दोन्ही टोकांना रचणी तुटते, आणि एकदा ती किंमत मोजली की तो वाढवणं तुलनेने स्वस्त. ही सुरुवातीची किंमत सिद्धांतात एका छोट्या अंकाने मांडतात, साधारण दहा हजारांत एक ते लाखात एक. त्याचं वर्गमूळ घेऊन उलटं केलं की शंभर ते तीनशे जोड्या येतात. डीएनए साधारण अशा पट्ट्यापट्ट्यांनी वितळतो. ए-टी बहुल पट्टे आधी, जी-सी बहुल शेवटी. १९७० च्या दशकात तापमान बारकाईने नियंत्रित करता येऊ लागल्यावर छोट्या विषाणूंच्या डीएनएच्या आलेखात या पायऱ्या सुट्या सुट्या दिसल्या. एकेक पायरी अर्ध्या अंशाच्या आसपास रुंद.

म्हणजे चढण संपत आली, शोषणातली पंचाण्णव टक्के वाढ होऊन गेली, तरी लांब रेणूत कुठे तरी एखादा जी-सी बहुल पट्टा शिल्लक असू शकतो, आणि तेवढ्या एका चिमट्यावर दोन्ही धागे टांगलेले राहतात. इथेच थांबून तापमान उतरवलं, तर त्या चिमट्यापासून दोन्ही बाजूंना जोड्या भराभर जुळत जातात. जोडीदार शोधण्याची गरजच नसते. आलेख आल्या वाटेने परत उतरतो. शेवटचा पट्टाही मोडल्यावर, वेढे सुटायला थोडा वेळ दिल्यावर मात्र परतीची वाट बंद होते. आता दोन मोकळ्या धाग्यांनी द्रावणात एकमेकांना गाठायला हवं, आणि त्याचा वेग दोघांच्या प्रमाणावर अवलंबून. मार्मर आणि डोटी यांना पुन्हा जुळण्याचा वेग डीएनएच्या प्रमाणावर अवलंबून आढळला. हाही सुटण्याचाच पुरावा, तोही फार स्वस्तात मिळालेला. पीटर गायडुशेक यांनी १९६१ मध्ये उलट बाजूने तेच दाखवलं: नायट्रस आम्लाने दोन धाग्यांमध्ये एखादा पक्का रासायनिक टाका घातला, की कितीही तापवलं तरी थंड होताच डीएनए चटकन पूर्ववत होतो.

पिळाचं काय? १९६० मध्ये ख्रिस्टोफर लॉन्गेट-हिगिन्स आणि ब्रुनो झिम यांनी हिशेब केला. वितळलेल्या टोकांना पसरायला मोकळी जागा हवी असते, आणि त्या ओढीतून उरलेल्या गोफाला उलट फिरवणारा पीळ मिळतो. पाण्याचा विरोध धरूनही वेढे प्रयोगाच्या वेळेत सुटतात. डेलब्रुक यांची शंका चुकीची नव्हती. फक्त डीएनए त्यांनी धरलं त्यापेक्षा बराच चपळ निघाला.

सिद्धांतवाल्यांनी याच चढणीवर वेगळाच वाद घातला, तो थोडक्यात सांगतो. एका रेषेत मांडलेल्या, फक्त शेजाऱ्याशी संबंध असलेल्या घटकांमध्ये खरं प्रावस्थांतर (बर्फाचं पाणी होतं तसा अवस्थेचा बदल) होत नाही, हा भौतिकीतला जुना नियम. मग डीएनए इतका झपकन कसा वितळतो? १९६६ मध्ये डग्लस पोलंड आणि हॅरल्ड शेरागा यांनी दाखवलं की बुडबुड्याची दोन्ही टोकं पुन्हा भेटली पाहिजेत, या बंधनामुळे लांब पल्ल्याचा परिणाम तयार होतो. त्याची तीव्रता एका घातांकाने ठरते. तो एकपेक्षा मोठा असेल तर प्रावस्थांतर होतं, आणि दोनपेक्षा मोठा असेल तर ते एकदम, उडी मारून होतं. आदर्श धाग्यासाठी १.५. धागा स्वतःला छेदू शकत नाही, हे धरून मायकेल फिशर यांनी त्याच वर्षी सुमारे १.७६ काढला. २००० मध्ये याइव्ह काफ्री, डेव्हिड मुकामेल आणि लुका पेलिती यांनी बुडबुड्याला बाकीची साखळीही ढकलते, हे हिशेबात घेतलं आणि तो २.१ च्या आसपास नेला. म्हणजे उडी. गणित सुरेख आहे. पण आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने त्याला एक मर्यादा आहे: मूळ प्रतिमानात पीळ नाहीच, आणि धागे शेवटी सुटतात का, हा प्रश्न बाजूला ठेवलेला आहे. ते वितळण्याचं प्रतिमान आहे, सुटण्याचं नाही.

वासरू आणि जिवाणू

१९५७ मध्ये नमुना वासराचा होता आणि १९६० मध्ये जिवाणूंचा. हा बदल वाटतो तितका किरकोळ नाही. ई. कोलाय जिवाणूच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या, गाईच्या जनुकसंचात त्यांच्या काही शेपट. म्हणजे दोन्ही डीएनए सारख्याच वजनाचे घेतले, तर वासराच्या नमुन्यात कुठल्याही एका क्रमाच्या प्रती काही शेपट विरळ. सुटलेल्या धाग्याला आपला नेमका जोडीदार मिळायला तितकाच जास्त वेळ. मार्मर आणि डोटी यांच्या हाती जिवाणूंचा डीएनए सुरेख जुळत होता, वासराचा जुळत नव्हता, ते यामुळेच. जोडीदार मिळत नाही तेव्हा मिठाच्या पाण्यात गार झालेला एकपेडी धागा स्वस्थ बसत नाही. चार-सहा अक्षरं जुळतील तिथे तो स्वतःवर दुमडतो किंवा शेजाऱ्याला चिकटतो. असे पुंजके झाले आणि प्रकाश विखुरण्याच्या पद्धतीने त्यांना तोललं, तर रेणुभार निम्मा दिसण्याची अपेक्षाच करू नये.

१९६८ मध्ये रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोन यांनी याच विरळपणाचं मोजमाप केलं. वासराच्या डीएनएतला काही भाग अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर जुळतो, असं त्यांना आढळलं. ते क्रम जनुकसंचात हजारो वेळा पुन्हा पुन्हा आलेले होते. सस्तन प्राण्यांच्या डीएनएत इतकी पुनरावृत्ती आहे, हे अक्षरं वाचता येण्याच्या कितीतरी आधी, नुसतं तापवून, गार करून आणि घड्याळ लावून समजलं.

न सुटण्याचा उपयोग

वितळणं आणि सुटणं यांतलं अंतर पुढे लोकांनी मुद्दाम वापरलं. करोनाच्या काळात घरोघरी पोचलेल्या आरटी-पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती फेऱ्याफेऱ्यांनी वाढवतात, आणि प्रत्येक फेरीची सुरुवात ९४-९५ अंशांनी होते. बहुतेक तुकड्यांच्या टीएमपेक्षा हे बरंच वर आहे, आणि ते तसं असावंच लागतं, कारण तिथे वितळून भागत नाही, धागे पूर्ण सुटायलाच हवेत. याच्या अगदी उलट गरज उत्परिवर्तन शोधणाऱ्यांना होती. १९८५ मध्ये रिचर्ड मायर्स, स्टुअर्ट फिशर, लिओनार्ड लर्मन आणि टॉम मॅनिआटिस यांनी तपासायच्या तुकड्याच्या एका टोकाला मुद्दाम जी-सी बहुल पट्टा जोडला. बाकीचा तुकडा वितळतो, पण तो पट्टा दोन्ही धाग्यांना धरून ठेवतो, आणि अर्धवट उघडलेला रेणू जेलमध्ये (विजेच्या दाबाने डीएनए ज्यातून सरकवतात तो लगदा) जिथल्या तिथे अडखळतो. एका अक्षराचा फरकही त्या अडखळण्याच्या जागेवरून ओळखता येतो.

न सुटण्याचं टोक म्हणजे वर्तुळाकार डीएनए. १९६३ मध्ये रॉजर वाइल आणि जेरोम व्हिनोग्राड यांनी पॉलिओमा विषाणूचा डीएनए तापवला, तर गार होताच तो पुन्हा दुपेडी झालेला. दोन्ही धागे बंद वर्तुळं असतील, तर सगळ्या जोड्या मोडल्या तरी एकही वेढा सुटत नाही. एखादा धागा कापल्याशिवाय ते अशक्यच आहे. जिवाणूतून प्लाझ्मिड (मुख्य डीएनएपासून वेगळं असलेलं छोटं वर्तुळाकार डीएनए) वेगळं काढण्याची डेव्हिड होम्स आणि मायकेल क्विग्ली यांची १९८१ ची ‘उकळण्या’ची पद्धत यावरच चालते: फोडलेल्या पेशी चाळीस सेकंद उकळत्या पाण्यात धरायच्या, मग सेंट्रिफ्यूज करायचं. जिवाणूचा मोठा, तुटका डीएनए सुटून साकळलेल्या प्रथिनांबरोबर तळाला बसतो. प्लाझ्मिडची छोटी बंद वर्तुळं वितळतात, पण गुंतलेलीच राहतात, गार होताच जुळतात आणि वरच्या पाण्यात उरतात. ते पाणी पिपेटने काढून घ्यायचं.